मोठेबाबांचा खऱ्याचा वर्ग

आमच्या मारेगावात आजवर जितकी भांडणं झाली, जितक्या सोयरिकी मोडल्या आणि जितक्या शेजाऱ्यांची बोलचाल बंद पडली, त्यांतली निम्मी एकट्या माझ्या भासऱ्यांच्या नावावर जमा आहेत, आणि ती सगळी त्यांनी एकही खोटा शब्द न बोलता घडवून आणलेली आहेत. भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. पुण्यामुंबईकडे मोठे दीर म्हणतात, आमच्याकडे भासरे. माझी मुलं त्यांना मोठेबाबा म्हणत, म्हणून गल्लीतली सगळी पोरं मोठेबाबा म्हणू लागली, आणि पुढे पुढे भाजीवालीसुद्धा. लोक मला म्हणत, काय सत्यवचनी माणूस आहे, भाग्य लागतं हो असा देवमाणूस घरात असायला. देवमाणसाला रस्त्यातून नमस्कार करून पुढे जाणाऱ्याला असं म्हणायला काय जातं? त्याचं रोजचं ताट वाढायला यावं, मग बोलावं.

ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटं वजन सापडलं की जप्त करायचं, हे त्यांचं काम. हेच काम करून लोकांची लग्नं होतात, घरं बांधून होतात. यांची फक्त बदली व्हायची. बदली झाली की गावचे व्यापारी निरोप समारंभ असा थाटात करायचे की परक्या माणसाला वाटावं, काय लोकप्रिय अधिकारी होता. एका गावी तर निरोपाला मिळालेला पेढ्यांचा पुडा यांनी तिथेच तोलून मागितला, आणि कमी भरला म्हणून आभाराच्या भाषणात तेवढं एकच सांगून खाली बसले. लग्नाचीही तीच कथा. मुलगी पाहायला वणीला गेले होते. मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारलं, पोहे कसे झाले. यांनी सांगितलं, मीठ जास्त पडलं. इथवर ठीक होतं. पण मग आपलीही बाजू उघडी असावी म्हणून, मी घोरतो, मला राग लवकर येतो आणि मध्यस्थाने तुम्हाला सांगितला त्याहून माझा पगार कमी आहे, हेही सांगून टाकलं. मध्यस्थ त्यांचे सख्खे मामा होते. मामांनी पुढे आमच्या घरचं पाणीदेखील घेतलं नाही, आणि भासरे जन्मभर आमच्या पदरी राहिले.

घरात त्यांच्यामुळे साधं खोटं बोलायचीही सोय नव्हती. यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, सुटीच्या दिवशी दुपारी झोप लागत असे. दार वाजलं की हे आतून खुणावत, नाही म्हणून सांगा. भासरे दार उघडून सांगत, "घरात आहे, जागाही आहे, पण तुम्हाला भेटायचं नाही म्हणतो." एकदा एका लग्नात कुणी माझ्या साडीला हात लावून विचारलं, नवी काय गं? मी हो म्हणाले. माझ्या मागच्या खुर्चीवरून आवाज आला, "दोन दिवाळ्या झाल्या तिला." आणि एका तेरवीला सगळे मेलेल्या म्हाताऱ्याचे गुण गात बसले असताना भासऱ्यांनी काय करावं? त्याच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझा बाप भारी चिकट होता रे, पण झोपेत गेला, हे चांगलं झालं." त्या घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं मला पुढे कधी आलं नाही.

आणि मला तोंड उघडायची सोय नाही. भासऱ्याशी तोंडावर बोलायचं नाही, समोर आले की डोक्यावर पदर घ्यायचा, अशी आमच्या सासरची रीत. मी यवतमाळच्या कॉलेजात शिकलेली, पण रीत ती रीत. त्यामुळे माझा सगळा राग आडवाटेने जायचा. हे घरात असले की यांना ऐकवायची, हे नसले की मुलांना, आणि कुणीच नसलं की भांड्यांना. "काही माणसांना घर म्हणजे कचेरी वाटते," असं मी कढईला म्हणत असे. भासरे ओसरीवरून कढईलाच उत्तर देत, "कचेरीत एवढा आवाज नसतो." अशी आमची वर्षानुवर्षं भांडणं झाली आणि आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने घेतलं की लहान पोरांना धर्म कुणी शिकवत नाही. शाळेत पाढे शिकवतात, देवळात आरत्या पाठ करून घेतात, पण धर्माचं काय? म्हणून दर रविवारी सकाळी पहिली ते चौथीच्या पोरांचा वर्ग सुरू झाला. कुठे, तर आमच्या बैठकीत. मला विचारलं नाही, कढईलाही विचारलं नाही. रविवार उजाडला की गल्लीतली झाडून सगळी पोरं चिखलमातीच्या पायांनी माझ्या धुतलेल्या चादरींवर येऊन बसायची, आणि वरून माझ्या डब्यातला चिवडा प्रसाद म्हणून वाटला जायचा.

त्यांचा धर्म मोठा सुटसुटीत होता. खरं बोलणं म्हणजे धर्म, बाकी सगळी आरास. या काट्यावर त्यांनी सगळे देव तोलून घेतले होते. रामाशी त्यांचं बरं जमायचं. कृष्णाच्या लहानपणाशी मात्र त्यांचं पटत नसे, कारण तो लोणी खाऊन नाही म्हणतो. पोरं हट्टाने तीच गोष्ट मागायची. मग ते म्हणत, "तेव्हा तो लहान होता, वर्गात यायला लागला नव्हता," आणि घाईघाईने कालियाच्या डोहावर येत. पण सगळ्यात राग धर्मराजावर. अश्वत्थामा मेला, माणूस की हत्ती कोण जाणे, असं तो द्रोणाचार्यांना म्हणाला, तिथे आले की त्यांचा चेहरा लालबुंद होई. "काटा बोटभर सरकवला तरी चोरी अन् हातभर सरकवला तरी चोरीच," असं ते पोरांना बजावत, आणि पोरं बिचारी, जणू काटा त्यांनीच सरकवला, अशी माना खाली घालून बसत.

वर्ग सुटायच्या आधी प्रत्येक पोराने उभं राहून त्या आठवड्यातलं एक खोटं सांगायचं, हा त्यांचा नियम. स्वतः बोललेलं किंवा घरात ऐकलेलं. आता लहान लेकरं स्वतः कितीसं खोटं बोलणार? म्हणून घरातलंच जास्त यायचं. आईनं आजीला सांगितलं दूध नासलं, पण नासलं नव्हतं, आम्ही चहा करून प्यालो. बाबांनी कचेरीत सांगितलं पोट दुखते, अन् आम्ही यवतमाळले सिनेमा पाह्यला. मी आतून सगळं ऐकत असे. घर माझं, कान माझे, मी काय बोळे घालून बसू? पण पोरं घरी जाऊन सांगायची की आज मी वर्गात अमकं सांगितलं, आणि मग त्यांच्या आया मला पाण्यावर गाठायच्या. चूक भासऱ्यांची आणि ऐकून घ्यायचं मी.

आमच्या भिंतीला भिंत लावून गजूभाऊंचं घर. शेती गावाबाहेर, स्वतःची, कापूस आणि तूर. त्यांची बायको शोभा माझ्याच वयाची. विरजण, मिक्सर, मनातलं सगळं, जे काय असेल ते भिंतीवरून इकडून तिकडे चालायचं. त्यांची रेणू तिसरीत होती आणि वर्गातली सगळ्यात लाडकी. तोंडाची टकळी दिवसभर चालू. शाळेतून आली की आधी आमच्या ओट्यावर मोठेबाबांपुढे सगळा दिवस ओतायची आणि मग घरी जायची. भासरे तिचं ऐकताना कधी मध्ये बोलत नसत, आणि हे भाग्य आमच्या घरात दुसऱ्या कुणाला लाभलं नव्हतं.

ती कापसाची वाईट वर्षं. भाव पडलेला, सरकारी खरेदी आज सुरू तर उद्या बंद. ज्याच्या त्याच्या घरात खोलीभर कापूस आढ्यापर्यंत कोंबलेला. माणसं कापसाला टेकून जेवायची, कापसावर झोपायची, आणि घरात साठवलेल्या कापसाने अंगाला जी खाज सुटते ती लेकरांना आधी. रविवारी माझ्या बैठकीत धर्मराजाची गोष्ट चालू असायची आणि सगळा वर्ग खाजवत असायचा. खरेदी सुरू झाली की बैलबंड्यांची रांग वणीच्या रस्त्याला लागायची. माणसं दिवसचे दिवस तिथेच राहायची आणि पोरं डबे घेऊन जायची. वर्ग रिकामा पडला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, चला, चार रविवार सुटी. भासऱ्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि वर्गच रांगेत नेला. "आ बैल मुझे मार," असं मी त्या दिवशी यांना म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

मी शोभाबरोबर डबा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. थंडीची सकाळ. भासरे एका सोडलेल्या बंडीच्या जुवावर बसलेले, पोरं कुणी चाकावर, कुणी कापसाच्या ढिगावर. रेणू आपल्या बापाच्या बंडीवर सगळ्यात उंच बसलेली. दिलेला शब्द आणि खरं बोलणं, यावर गोष्ट रंगात आली होती. तेवढ्यात खरेदीचा ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, रांगेतून कापूस पाहत आला. त्याने गजूभाऊंच्या कापसात कोपरापर्यंत हात घातला, बोटं चोळली आणि विचारलं, "पाणी मारलं काय?"

आता हे त्या रांगेत पोरासोरांना ठाऊक होतं की वजन वाढावं म्हणून पाणी सगळेच मारतात. काटा आपला वाटा आधीच कापून घेतो, म्हणून हे शिंपडतात. हे शिंपडतात, म्हणून काटा कापतो. ग्रेडरलाही ठाऊक होतं. विचारायचं ते रीत म्हणून आणि नाही म्हणायचं तेही रीत म्हणून. गजूभाऊ म्हणाले, "नाही साहेब. थंडीचे दिवस हायेत, दव पडते." ग्रेडर पुढे निघालाच होता. आणि वरून स्वच्छ, वर्गातल्यासारखा आवाज आला.

"बाबा, दव नाही नं. बंडी भरताना आईनं बादली धरली अन् तुम्ही कडुनिंबाच्या डहाळीनं पाणी शिंपडलं. पूजेत भटजी शिंपडते तसं."

आधी सगळी रांग हसली. ज्यांचा स्वतःचा कापूस टपटपत होता ते जास्त हसले. पण चारचौघांत बोललं गेल्यावर ग्रेडरला ऐकलं नाही असं करता येईना. "बंडी बाहेर काढा," तो म्हणाला. गजूभाऊंनी हात जोडले. भासरे उठून ग्रेडरला म्हणाले, "मग काटाही काढा बाहेर, मी पाहतो तपासून." तो म्हणाला, "काकाजी, तुम्ही रिटायर झाले नं? घरी बसा." रांग पुन्हा हसली. इथवर मी त्यांना माफ केलं असतं. पण मग त्यांनी काय केलं? बैल जुंपणाऱ्या बापाच्या डोळ्यांदेखत पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास."

घरी गेल्यावर गजूभाऊंनी रेणूला एक ठेवून दिली. त्या माणसाने तिला आजवर बोट लावलं नव्हतं. "पुन्हा तोंड उघडलं तं याद राख," एवढंच म्हणाले, आणि बाहेर जाऊन बसले. रेणूने तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. शाळेत हजेरीला नुसती उभी राहायची, मग शोभाने तिला शाळेत पाठवणंच थांबवलं. जेवायला बोलावलं की यायची, विचारलं की मान हलवायची. गजूभाऊ दोनच दिवसांत पाघळले. मांडीवर घेऊन बोल बेटा, बोल माय, म्हणत बसायचे, तर ती त्यांच्या शर्टाची गुंडी पाहत राहायची. खरं बोललं तर मार बसतो, खोटं बोललं तर पाप लागतं, मग बोलूच नये, एवढं त्या लेकराला कळलं होतं आणि त्यात तिचं काय चुकलं? आमचा ओटा संध्याकाळी सुना पडू लागला. शोभाने विरजण मागणं बंद केलं. एक दिवस भिंतीशी आली, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमच्या मोठेबाबांले सांगा, माझी पोरगी वापस द्या म्हणा," आणि निघून गेली.

त्या दुपारी भासरे जेवत होते. मी पोळी वाढायला गेले आणि माझ्या हातून ती वाढवेना. हे घरात नव्हते, मुलं शाळेत. भांडी समोर होती, पण भांड्यांना सांगण्यातलं हे नव्हतं. डोक्यावरचा पदर कधी खाली आला ते मला कळलं नाही.

"भाऊजी," मी म्हणाले, "त्या लेकराचं तोंड तुम्ही बंद केलं. शाब्बास म्हणाले तेव्हा तिच्या बापाकडे एकदा तरी पाहिलं काय? भाव खोटा, काटा खोटा, विचारणारा खोटा. खरं बोलायचं कोणी, तर तिसरीतल्या पोरीनं. मोठ्यांचा वर्ग भरवायची कोणाची हिंमत नाही, म्हणून लेकरं धरली तुम्ही. ज्याचा मार लेकराला खावा लागते असला धर्म मला माझ्या बैठकीत नको."

लग्न होऊन त्या घरात आल्यापासून मी त्यांच्याशी बोललेली ही पहिली वाक्यं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घास तसाच ताटात ठेवला, हात धुतले, उपरणं घेतलं आणि शेजारी गेले. मी मागोमाग गेले. मला वाटलं, आता हे तिथेही काहीतरी खरं बोलणार आणि उरलंसुरलं मोडणार.

परत आलेला कापूस गजूभाऊंनी खोलीभर वाळायला पसरला होता. रेणू त्याच्या कडेला खिडकीशी बसलेली. भासरे कधी कुणाच्या घरी बसत नसत, त्या दिवशी बसले. एकदा खाकरले. मग छताकडे पाहून म्हणाले, "गजानन, मी काल त्या ग्रेडरले भेटलो. तो म्हणाला, तुझी बंडी तो परत धाडणारच होता. आधीच ठरलं होतं. पोरीच्या बोलण्यानं काही झालं नाही."

थंडीत त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि दोन्ही कान लाल. शेंबड्या पोरानेदेखील ओळखलं असतं. गजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मी शोभाकडे. आम्हा सगळ्यांना कळलं, आणि आम्ही सगळे ते घ्यायला तयार होतो. गजूभाऊ हळूच म्हणाले, "असं हाय काय. मंग पोरीची काही चूकच नाही." "काहीच नाही," भासरे छतालाच म्हणाले. दोघं पारावरच्या म्हाताऱ्यांसारखे माना हलवत बसले.

"मोठेबाबा खोटं बोलून राह्यले."

आवाज घोगरा झाला होता, किती दिवसांत वापरलेला नव्हता. रेणू खिडकीपाशी उभी होती. "काल तुम्ही कुठंच गेले नाही. दिवसभर ओट्यावर बसून होते, जेवाले बी उठले नाही. म्या इथून पाह्यलं नं."

शोभा पदरात तोंड घालून रडू लागली. गजूभाऊंनी पोरीला जवळ ओढलं. भासरे छताकडून खाली आले. "हो बेटा," ते म्हणाले, "खोटं बोललो मी." मग रेणू जी सुरू झाली ती थांबेना. शाळेतलं, मैत्रिणींचं, खिडकीतून पाहिलेलं, साठवून ठेवलेलं सगळं. तिच्या बापाला बापड्याला काही ऐकू येत नसावं, पण तो हो माय, हो माय, म्हणत होता. तो कापूस पुढे खाजगी व्यापाऱ्याला पडेल भावाने गेला, आणि त्याबद्दल त्या घरातून आम्हाला कुणी कधी एक शब्द ऐकवला नाही.

घरी येताना भासरे आमच्या ओट्याशी थांबले. माझ्याशी, माझ्याकडे पाहून बोलले. "सारे लोक बोलतात, म्हणून वाटलं सोपं असेल. लई कठीण आहे हो."

"सवयीनं जमते, भाऊजी," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. जमेल असं त्यांना वाटलं नसावं. मग उंबऱ्याकडे पाहत म्हणाले, "परवा पोरं येतील. त्यांना आता काय सांगू?"

एवढी वर्षं मी त्या माणसाला द्यायची उत्तरं घोकत होते. त्या दिवशी त्यांनी समोर उभं राहून विचारलं, आणि मला एकही सुचलं नाही. पुढे त्यांनी वर्ग चालवला, पोरं आली, त्यांनी काय सांगितलं ते मी मुद्दाम कान देऊन ऐकलं, पण त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनाही सापडलेलं दिसलं नाही. आता भासरे नाहीत. मी अजून विचार करते, भाजी चिरताना, कुणाच्या तरी लेकराला खरं बोल म्हणून दटावताना. एखाद दिवशी सुचेलही. पण विचारणारा माणूस उत्तर न घेताच निघून गेला, याचा मला भयंकर राग येतो.